येत्या हंगामात गोव्यात काय ऐकावे: बैठक, संगीत नाटक आणि ऑपेरा

प्रश्न: अंत्रुजकर, फोंडा

सर्वांना सप्रेम नमस्कार.

पुण्यातली 30 वर्षांची नोकरी संपवून मागच्या वर्षी आम्ही फोंड्याच्या मूळ घरी राहायला आलो. घरात तीन पिढ्या आहेत. आई 81 वर्षांची आहे. तिचे माहेर मंगेशीचे असल्यामुळे अभिषेकीबुवांचे गाणे तिने देवळाच्या सभामंडपात, खांबाला टेकून ऐकलेले आहे. माझी मुलगी 16 वर्षांची असून ती पाश्चात्त्य गायन शिकते, आणि एकदा तरी ऑपेरा प्रत्यक्ष पाहायचा ही तिची जुनी इच्छा आहे. मी स्वतः नाट्यसंगीतावर वाढलो.

परत आल्यावर पहिल्याच हंगामात आम्ही अधाशीपणा केला. चतुर्थी संपली तेव्हापासून शिगम्यापर्यंत ज्या कार्यक्रमाची बातमी कळली त्या प्रत्येक कार्यक्रमाला गेलो. पणजी, मडगाव, म्हापसा असे सगळीकडे फिरलो, पण हंगाम संपल्यावर मनात फारसे काही उरले नाही. एक संध्याकाळ मात्र विसरता येत नाही. कार्यक्रमाची वेळ साडेपाचची होती. दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगते यांतच सव्वासात वाजले, त्यानंतर दोन कलाकारांचे वादन झाले, आणि जिच्यासाठी आई मुद्दाम आली होती त्या गायिकेला शेवटी जेमतेम 40 मिनिटे मिळाली. तिने मारुबिहाग रागातला संथ लयीचा बडा ख्याल मांडायला घेतला, गाणे कुठे रंगात येऊ लागले होते, तेवढ्यात आयोजकांची चिठ्ठी तिच्या हातात पडली. तिने ती वाचून मांडीखाली ठेवली आणि लगेच जलद लयीची द्रुत बंदिश सुरू केली. घरी पोहोचेपर्यंत आई गाडीत एक अक्षर बोलली नाही.

यंदा तसे होऊ द्यायचे नाही, कमी ऐकायचे पण पुरते ऐकायचे, असे आम्ही ठरवले आहे. येत्या ऑक्टोबर ते मार्च या काळात शास्त्रीय संगीत आणि संगीत नाटक यांपैकी काय निवडावे, आईसारख्या वयस्कर श्रोत्याची सोय कुठे बरी होते, आणि मुलीला ऑपेरा दाखवायचा असेल तर गोव्यात काही शक्य आहे की थेट मुंबईच गाठावी, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर: सासष्टीचा श्रोता, मडगाव

तुमच्या आईंचे मौन वाचून फार वाईट वाटले. गेली अनेक वर्षे मी हंगामाची आखणी करत आलो आहे, त्यावरून जे कळले ते लिहितो.

आपल्याकडचा खरा हंगाम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो आणि त्याचा भर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत असतो. शास्त्रीय गायनासाठी सगळ्यांत आधी जागा राखून ठेवावी ती कला अकादमीच्या सूरश्री केसरबाई केरकर संगीत समारोहाला. हा समारोह बहुधा हिवाळ्याच्या तोंडावर होतो. पण 2004 पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात शहरातली सभागृहे त्यात गुंतलेली असतात. त्यामुळे संगीताच्या कार्यक्रमांच्या तारखा मागेपुढे सरकू शकतात. जुन्या अंदाजावर विसंबून पाहुण्यांना बोलावू नये, तारीख जाहीर झाल्यावरच बेत करावा.

केसरबाईंचे केरी हे गाव तुमच्याच तालुक्यातले, हे आईंना सांगायची गरज नसेल, पण मुलीला जरूर सांगा. 1977 मध्ये अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका गेली, तिच्यात भारताचे म्हणून एकच गायन आहे, ते म्हणजे केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. दुसरे यान 5 सप्टेंबरला सुटले आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्याच तबकडीवर मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरातले राणीचे गाणेही आहे. आजी आणि नात यांनी एका संध्याकाळी ही दोन्ही ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐकावीत, असे मला मनापासून वाटते. हंगामाची सुरुवात त्याहून चांगली होणार नाही.

समारोहाचे पत्रक हाती आल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे एका सत्रात किती कलाकार आहेत. तीनपेक्षा अधिक असतील तर ते सत्र खुशाल सोडून द्यावे, कारण विलंबित ख्यालाला अर्धा-पाऊण तास मिळाल्याखेरीज राग उभा राहत नाही. दुसरी म्हणजे सकाळचे सत्र आहे का. आपले बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी होत असल्यामुळे तोडी, ललत, देसी, जौनपुरी हे राग प्रत्यक्ष मैफलीत कानांवर पडेनासे झाले आहेत. शिवाय वयस्कर माणसे सकाळी ताजीतवानी असतात आणि रात्री उशिरा घाट उतरून परतावे लागत नाही. आईंसाठी मी सकाळच निवडीन.

कला अकादमीची वास्तू 2021 पासून नोव्हेंबर 2023 पर्यंत दुरुस्तीसाठी बंद होती. त्या काळात पणजीचे अनेक श्रोते फोंड्याच्या राजीव गांधी कलामंदिरात आणि आमच्या मडगावच्या रवींद्र भवनात येऊ लागले, आणि गाणे ऐकायला पणजीलाच जावे लागते ही समजूत बरीचशी गेली. कलामंदिर तुमच्या घराजवळ आहे. तिथले मासिक कार्यक्रम आधी पाहा, मग पणजीला जायचा विचार करा.

डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो. 2016 पासून तो चालू आहे आणि संगीत, नाटक, नृत्य, चित्रे असे सगळे काही एकाच वेळी अनेक ठिकाणी चालते. मुलीने एक पूर्ण दिवस तिथे काढावा. आईंना मात्र त्या गर्दीत आणि चालण्यात त्रास होईल.

राहता राहिली देवळे. माघात कवळ्याच्या शांतादुर्गेची आणि मंगेशीची जत्रा येते. उत्सवांच्या पत्रिका देवस्थानात आधीच लागतात आणि त्यांत कीर्तन, गायन, नाटक यांचे दिवस दिलेले असतात. सभागृहातल्या खुर्चीपेक्षा आईंना तो खांबच अधिक मानवेल.

उत्तर: ऑर्गनवादक, डिचोली

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यात संगीत नाटक राहून गेले म्हणून लिहितो. मी उत्सवी नाटकांना ऑर्गनची साथ करतो.

गोव्यातले संगीत नाटक पाहायचे असेल तर ते गावच्या उत्सवात पाहावे, असे माझे ठाम मत आहे. चतुर्थीनंतर देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या उतरायच्या जागेत, रात्री जेवणे आटोपल्यावर तालमी सुरू होतात. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दुकानदार, बागायतदार अशी माणसे दोन-दोन महिने पदे घोटत असतात. 'सौभद्र' 1882 चे आणि 'मानापमान' 1911 चे, तरी आजही आमच्याकडे अशी घरे आहेत की जिथल्या तीन पिढ्यांनी त्याच नाटकातला तोच अर्जुन किंवा तोच धैर्यधर केला आहे. प्रेक्षकांना पदे पाठ असतात. गायकाची जागा चुकली तर पहिल्या रांगेतल्या आजोबांची मान आधी हलते, आणि साधली तर 'वन्स मोअर' येतो. हा दाब मोठ्या सभागृहातल्या कलाकाराला सोसावा लागत नाही.

मास्टर दीनानाथ मंगेशीचे, अभिषेकीबुवाही मंगेशीचे, रामदास कामत साखळीचे. 1964 साली मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशनने 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आणले, त्याला संगीत अभिषेकींचे होते आणि पराशराची पदे रामदास कामतांनी गायली. 'देवाघरचे ज्ञात कुणाला' हे पद त्यांचेच. बुवांनी त्यात जुन्या लांबलचक आलापींना आवर घातला आणि पद प्रसंगाच्या मापाचे केले. तुमच्या मुलीला ऑपेरा समजून घ्यायचा असेल तर गाणे प्रसंगाला कसे बांधलेले असते याचा पहिला धडा तिला मराठीत याच नाटकातून मिळेल.

आता बसण्याच्या जागेविषयी. मांडवात किंवा मंडपात ध्वनिक्षेपकाच्या समोर कधीही बसू नका. ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या ज्या बाजूला असेल त्या बाजूची तिसरी-चौथी रांग धरा, म्हणजे साथीचा मूळ आवाज थेट कानांवर येतो. आणि नांदीच्या आधी या. आपल्याकडची हवा दमट असल्यामुळे तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, उतरते, मग तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकून आणि गजऱ्यावर घाव घालून ती परत चढवतो. वातानुकूलित सभागृहात याच्या उलट घडते: गाडीतून आणलेले तंबोरे थंड हवेत आले की तारा चढतात, आणि घोडीवरचा दोरा केसभर सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंज, पुन्हा उघडावी लागते. वाद्यांना त्या हवेत तासभर मुरू दिले नाही तर पहिला राग अर्धा होईपर्यंत सूर हलत राहतात. पडदा उघडण्याआधी आतून येणारा हा लावालावीचा आवाज तुमच्या आईंना नक्की आवडेल, कारण त्यांच्या लहानपणी तो उघड्यावर, सगळ्यांच्या देखत होत असे.

सभागृहात पाहायचे असेल तर कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेवर लक्ष ठेवा. अ गटातले प्रयोग गद्य असले तरी आपल्या गावोगावच्या संस्था वर्षभराची ताकद तिथे लावतात.

उत्तर: मांडवीकाठ, पणजी

मी लहानपणी आमच्या शेजारच्या बाईंकडे पियानो शिकले आणि नंतर कित्येक वर्षे एका समूहगायनवृंदात गायले, म्हणून पाश्चात्त्य संगीताविषयी लिहिते.

आधी स्पष्ट सांगते: पूर्ण वाद्यवृंद, नेपथ्य आणि गायकवृंद यांच्यासह संपूर्ण ऑपेरा गोव्यात क्वचितच होतो. ऑपेरातली गाणी, म्हणजे ज्यांना आरिया म्हणतात ती, पियानोच्या साथीने ऐकायची संधी मात्र मिळते, आणि शिकणाऱ्या मुलीसाठी तीच अधिक मोलाची आहे. गायक दहा-पंधरा हातांवर उभा असतो, त्याचा श्वास कुठे घेतला जातो, जबडा कसा सुटतो, बरगड्या कशा फुलतात हे दिसते.

त्यासाठी जुन्या गोव्याच्या टेकडीवरील मॉन्तच्या कपेलात होणारा संगीत महोत्सव चुकवू नका. फुंदासांव ओरिएंत ही संस्था तो भरवते आणि तो बहुतेक वेळा फेब्रुवारीच्या सुमारास असतो. कार्यक्रम मावळतीला सुरू होतात. खाली मांडवी, पलीकडे दिवाडी बेट, आणि अंगणात पाश्चात्त्य वाद्यसंगीताबरोबरच आपले हिंदुस्थानी संगीतही. काही वर्षांपूर्वी मी तिथे कपेलाच्या आत एका गायिकेला ध्वनिक्षेपकाशिवाय ऐकले. शेवटचा स्वर संपवून तिने ओठ मिटले तरी तो वरच्या घुमटीत क्षणभर तसाच राहिला. आमच्या रांगेतल्या एका लहान मुलीने मान वर करून छताकडे पाहिले, आवाज अजून तिथेच आहे का ते शोधायला. खुर्च्या मोजक्या असतात, तेव्हा तासभर आधी पोहोचावे. आईंना न्यायचे असेल तर गाडी शक्य तितकी वर नेऊन त्यांना उतरवावे आणि संध्याकाळच्या वाऱ्यासाठी शाल बरोबर ठेवावी.

दाद देण्याची रीत मुलीला ठाऊक असेल, पण आजींना सांगून ठेवा. आपल्याकडे जागा आवडली की 'वा' तिथल्या तिथे निघते. तिकडे सिम्फनी किंवा सोनाटा यांच्या दोन भागांमध्ये टाळी वाजवत नाहीत, सगळे भाग संपेपर्यंत थांबतात. ऑपेरात मात्र चांगल्या आरियानंतर टाळ्या पडतात, त्या बाबतीत तो आपल्या नाट्यपदाच्या जवळचा आहे. फरक असा की संगीत नाटकात संवाद गद्यात असतात आणि पद सुरू झाले की गायकाला विस्ताराची मोकळीक असते. बऱ्याच ऑपेरांत मात्र संवादही गायचे असतात, एकेक स्वर आधीच लिहिलेला असतो, आणि 50-60 वाद्यांच्या वरून, ध्वनिक्षेपक नसताना, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा असतो.

ऑपेरा आपल्याला अगदीच परका आहे असे मानायचे कारण नाही. लुकाझीन रिबेरो या गोमंतकीयाने मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा कंपनीत काम केले आणि त्याच प्रेरणेतून 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत 'इटालियन भुरगो' हा पहिला कोंकणी तियात्र, म्हणजे गाण्यांसह होणारे कोंकणी नाटक, झाला. आजही तियात्रातल्या प्रवेशांच्या मध्ये कांतारे गायली जातात. किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळीचे 'इंद्रसभा' पाहून 1880 मध्ये 'शाकुंतल' केले, त्यानंतर अवघ्या 12 वर्षांनी हे घडले. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथून तयार झालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांचा कणा धरला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर 1958 मध्ये मुंबईत भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांचा मोठा वाद्यवृंद उभा केला आणि त्याच्याबरोबर लता मंगेशकर गायल्या. एकीचे घराणे मंगेशीचे, दुसरा सासष्टीतला. तुमच्या घरातल्या आजी आणि नात ज्या दोन वाटांवर आहेत, त्या तेव्हाच एकत्र आल्या होत्या.

पूर्ण प्रयोगासाठी मुंबई गाठावी लागेल. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वर्षातून दोन हंगाम असतात, आणि परदेशी ऑपेरागृहांच्या प्रयोगांची चित्रमुद्रणेही तिथे मोठ्या पडद्यावर दाखवतात. गिरगावचे रॉयल ऑपेरा हाऊस दीर्घकाळ बंद राहून 2016 मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा पहिल्या संध्याकाळी गोमंतकीय वंशाच्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या, पॅट्रिशिया रोझारियो गायल्या. त्याच रंगमंचावर एके काळी बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांची नाटके झालेली आहेत. कार्यक्रम जाहीर झाला की आधी तिकीट काढा, मग कोकणकन्येचे आरक्षण.

पहिला ऑपेरा कोणता, असे तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. पुच्चिनीचा 'ला बोहेम', 1896 चा. चार अंक, पण संगीत दोन तासांच्या आतले, आणि कथा थंडीत कुडकुडणाऱ्या गरीब कलाकारांची असल्यामुळे भाषा कळली नाही तरी अडत नाही. जाण्याआधी कथा अंकवार वाचून जावी. वाग्नरचे चार-पाच तासांचे प्रयोग पुढे कधीतरी.

अंत्रुजकर, फोंडा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री जेवणे झाल्यावर केसरबाईंची भैरवी आणि त्यापाठोपाठ मोझार्टचे ते गाणे लावले. आईने भैरवी डोळे मिटून ऐकली. राणीच्या गाण्यात सूर वर चढत गेले तेव्हा तिने डोळे उघडले आणि नातीला विचारले, "हे गळ्यातून येते की वाद्य आहे?" मुलीने त्यातल्या दोन ओळी तिला हळू लयीत म्हणून दाखवल्या. आई म्हणाली की ताना स्वच्छ आहेत, पण ही बाई एवढी कोणावर रागावली आहे. मुलीला आश्चर्य वाटले, कारण ते गाणे खरोखरच संतापाचे आहे आणि आईला भाषा अजिबात येत नाही.

आता आमची यादी चारच कार्यक्रमांची झाली आहे: केसरबाई समारोहातले सकाळचे सत्र असल्यास ते, मंगेशीचा माघातला उत्सव, मॉन्त, आणि मुलीसाठी मुंबईची एक फेरी. ऑर्गनवादक महोदयांना एकच विचारायचे आहे. उत्सवातले नाटक रात्री किती वाजता संपते? आईला रात्रभर बसवणे शक्य नाही.

ऑर्गनवादक, डिचोली

पत्रिकेत रात्रीची नऊ-साडेनऊची वेळ लिहिलेली असली तरी आरती, पालखी आणि प्रसाद आटोपून पडदा उघडायला दहा-साडेदहा होतातच, आणि संगीत नाटक असले तर पहाटेचे दोन-अडीच धरून चालावे. आईंना पहिला अंक पुरेसा आहे. 'सौभद्र'सारख्या नाटकाच्या पहिल्याच अंकात पदांची रेलचेल असते. अंक संपल्यावर चहाची वेळ होते, तेव्हा उठले तर कोणाला वावगे वाटत नाही.

दुसरा मार्ग असा की तालमीलाच या. फाल्गुनात जांबावलीच्या गुलालोत्सवात मडगावची मंडळी नाटके करतात, आणि आमच्या भागातही त्या सुमारास दोन-तीन गावांत तालमी चालू असतात. रंगीत तालीम लवकर, साडेसातच्या सुमारास सुरू होते, सत्कार नसतात, आणि एखादे पद बसले नाही तर ते दोनदा-तीनदा म्हटले जाते. देवळाच्या अग्रशाळेत आईंसाठी पाठीची खुर्ची ऑर्गनच्या शेजारी ठेवायची व्यवस्था मी करतो. तारीख ठरली की इथेच कळवीन.